यजमान

माझ्या रेणूला नाव नाही.
वहीत तो के-सव्वीस.
आधीचे पंचवीस फसले, त्यांचीही पानं आहेत.
बोटभर बाटलीत पांढरी भुकटी, पिठीसाखरेसारखी,
पण मुंगी फिरकत नाही.

त्याचं काम जागा देणं.
पडद्यावर निळा झळकतो तो दुसराच,
इरिडियमवाला, महागडा, शंभरात सहा.
उरलेले चौऱ्याण्णव हा.
विजेचे दोन्ही हात हाच धरतो,
इकडून उणा, तिकडून अधिक,
आणि त्यांची गाठ पडली की
मिळालेलं सगळं पाहुण्याच्या ओंजळीत ओततो.
अट एकच, याची पायरी पाहुण्याच्या पायरीहून उंच हवी.
नाहीतर दिलेलं घरंगळत परत येतं.

सर म्हणतात होस्ट. मी वहीत यजमान लिहिते
आणि मला पोस्टातली आई आठवते, खिडकीशी वाकून
‘आमचे यजमान बाहेरगावी असतात.’

कालिन्याच्या गावठाणात, क्रुसाशेजारच्या घरात
पाहुणी मी. पैसे देऊन.
हिल्डा मिस्किटा, वय त्र्याहत्तर,
माळ्यावरची खोली, तीन महिन्यांचं डिपॉझिट.
मी सांगितलं, आमच्याकडेही डिपॉझिशन असतं:
निर्वात पेटीत टंगस्टनची होडी,
होडीत भुकटी तापवायची, वाफ वर चढते,
काचेवर बसते, सेकंदाला एक अँगस्ट्रॉम.
‘आनि परत कवा मिलतं?’
नाही मिळत.
‘मग माझंच बरं.’

पहिल्याच आठवड्यात तिनं मला दारात हुंगलं.
पोरी, कुनाची पेटी उघडलीस?
कार्बाझोल मूळचं डांबरातलं,
डांबरगोळ्यांचं चुलत भावंड.
शुद्ध केल्यावर त्याला वास उरत नाही,
उरतो तो माझ्या ओढणीला.
तिचं लग्नाचं लाल लुगडं
एकोणपन्नास वर्षं त्याच वासात घडी घालून आहे.
दाखवलं नाही. सांगितलं फक्त.

बाहेर मिठी नदीची ओल, भिंतींना, वहीला, पावाला.
या शहरात एकच कोरडी जागा मला माहीत आहे,
नायट्रोजन भरलेली काचेची पेटी,
तिच्यात मी जात नाही, फक्त कोपरापर्यंत हात जातात,
रबराच्या जाड मोज्यांतून.
सुईच्या टोकाएवढी फट राहिली
तरी दुसऱ्या दिवशी काळे ठिपके,
अळूच्या पानावर पडतात तसे, वाढणारे.

एकदा सहाचे बारा केले. वाटलं, उजेड दुप्पट होईल.
पाहुणे एकमेकांना विझवू लागले.
हिल्डाला हे नवीन नव्हतं.
‘दोन पोरी ठेवल्या होत्या एकदा, पंख्यावरून...’
पुढचं तिनं सांगितलं नाही, दूध उतू गेलं.

मग मार्चमधली ती रात्र. मीटरवर तडवी.
निळा लागला, दोन मिलिमीटरचा चौकोन,
एवढासा, पण मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.
चाळीस मिनिटांत अर्ध्यावर आला.
निळा नेहमीच आधी जातो, तडवी म्हणाला,
आणि बहुधा तोही जात नाही,
शेजारच्या यजमानाचा एखादा बंध तुटतो.
लेखाच्या शीर्षकात मात्र पाहुण्याचंच नाव.

शेवटची काच उरली होती. पाहुण्याविना, तुलनेसाठी.
वीज दिली. अंधार.
दिवे घालवले, पडदा ओढला, डोळे सरावू दिले.
नाही लागला, मी म्हटलं.
तडवीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
तीनशे ऐंशीच्या आसपास एक बुटकी टेकडी,
जांभळ्याच्या कडेला, जिथे डोळा हात टेकतो.

रात्री एकला घरी. हिल्डा पायरीवर बसलेली,
दिवा न लावता, उकाड्यात, मांडीवर पंखा.
‘लागला काय गं तुझा दिवा?’
लागला. दिसला नाही.
तिनं पायानं चप्पल चाचपली, एकच सापडली.
‘मग त्याचं बिल कोन भरतं?’